सतरा अंशांचा उतार

व्हीएमसीच्या, म्हणजे व्हर्टिकल मशीनिंग सेंटरच्या, स्पिंडलमधून टूल होल्डर काढून हातात घेतला, की त्याचा वरचा भाग निमुळता असल्याचं लगेच लक्षात येतं. दर २४ मिलिमीटर लांबीमागे व्यास ७ मिलिमीटरने कमी होत जातो. कोनात सांगायचं तर हा शंकू १६ अंश ३५ मिनिटं ४० सेकंदांचा आहे. ड्रिलिंग मशीनमध्ये वापरला जाणारा मोर्स टेपर याहून पुष्कळ बारीक, जेमतेम ३ अंशांचा असतो. तो घर्षणानेच इतका आवळून बसतो, की सोडवायला ड्रिफ्ट घालून हातोडी मारावी लागते. मिलिंगच्या होल्डरचा उतार घर्षणाने अडकून बसण्याच्या मर्यादेच्या थोडा पलीकडे ठेवलेला आहे. त्यामुळे वरून ओढून धरणारी पकड सैल होताच होल्डर मोकळा होतो आणि टूल चेंजर काही सेकंदांत दुसरं टूल बसवू शकतो.

एका यंत्राचा वेग असा एका कोनावर उभा असतो. कोनावर काम अवलंबून असलेल्या वस्तू कारखान्यात जागोजागी सापडतात. प्लॅस्टिकचा डबा साच्यातून न अडकता बाहेर यावा म्हणून साच्याच्या भिंतींना अर्धा ते दोन अंशांचा उतार दिलेला असतो. मशीनच्या सरकत्या भागांना धरून ठेवणारी डव्हटेलची खाच तिरकी असते. व्ही-ब्लॉक आणि इंजिनातल्या व्हॉल्व्हची बैठक यांचंही तसंच. प्रश्न एवढाच, की चौकोनी लोखंडी ठोकळ्यावर असा तिरका पृष्ठभाग नेमका आणायचा कसा? डाव्या-उजव्या, पुढे-मागे आणि वर-खाली अशा तीनच सरळ दिशांत चालणारं यंत्र तिरकं कसं कापतं?

मिनिटाची किंमत

उदाहरणादाखल एक जॉब घेऊ. पोलादाच्या ठोकळ्यावर १०० मिमी लांब, १०० मिमी रुंद आणि तळाशी १७ अंशांचा कोन करणारा उतार हवा आहे. ड्रॉइंगवर लिहिलंय: १७ अंश, अधिक-उणे १ मिनिट.

एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. १०० मिमी लांबीवर एक अंश चुकला तर टोकाला पावणेदोन मिलिमीटरचा फरक पडतो. एक मिनिट चुकलं तर ०.०२९ मिमी, म्हणजे २९ मायक्रॉन. एक सेकंद चुकला तर अर्धा मायक्रॉनसुद्धा नाही. कोनाची चूक लांबीबरोबर वाढत जाते. म्हणूनच ‘कोन किती अचूक हवा’ या प्रश्नाला ‘किती लांबीवर’ हा पुढचा प्रश्न जोडलेलाच असतो.

ड्रॉइंगवर कोनाची सूट लिहिलेलीच नसेल आणि खाली आयएसओ २७६८ चा मध्यम वर्ग एवढाच उल्लेख असेल, तर ५० ते १२० मिमी लांबीच्या बाजूला अधिक-उणे २० मिनिटं चालतात. आपल्या ठोकळ्यावर ती सूट जवळजवळ ०.६ मिमी भरते. एका मिनिटाची अट याच्या वीसपट कडक आहे.

अनुभवी डिझायनर अशा वेळी मिनिटं न लिहिता ‘अँग्युलॅरिटी’ लिहितो: तळाच्या संदर्भाने, म्हणजे डेटम ‘ए’ धरून, ०.०३. यातले ०.०३ हे अंश किंवा मिनिटं नसून मिलिमीटर आहेत. तळाशी बरोबर १७ अंश करणाऱ्या दोन समांतर प्रतलांमध्ये ०.०३ मिमीचं अंतर आहे अशी कल्पना करायची. तयार झालेला सगळा पृष्ठभाग त्या दोहोंच्या मध्ये मावला पाहिजे. कोन मागायचा आणि हिशेब लांबीत द्यायचा, ही पद्धत कागदावर सुरू होते आणि शेवटच्या तपासणीपर्यंत सोबत राहते.

जॉबच तिरका धरा

सर्वांत जुना आणि आजही सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे यंत्राला सरळच चालू द्यायचं आणि जॉब तिरका धरायचा. १७ अंशांनी कललेल्या ठोकळ्यावर कटरने सपाट फेस मारला, की हवा तो उतार आपोआप मिळतो. अवघड भाग एवढाच, की ठोकळा बरोबर १७ अंशच कलला पाहिजे. त्यासाठी वापरतात तो साइन बार.

साइन बार म्हणजे घासून सपाट केलेली पोलादी पट्टी. तिच्या खाली दोन्ही टोकांना सारख्या व्यासाचे दोन रोलर असतात आणि त्यांच्या केंद्रांमधलं अंतर नेमकं १०० किंवा २०० मिमी ठेवलेलं असतं. एक रोलर सरफेस प्लेटवर टेकवायचा आणि दुसऱ्याखाली ठरावीक उंचीचा आधार द्यायचा. शाळेत शिकलेली त्रिकोणमिती इथे कामाला येते: उंची म्हणजे रोलरमधलं अंतर गुणिले कोनाचा साइन. १७ अंशांचा साइन ०.२९२३७, त्याला २०० ने गुणलं की ५८.४७४ मिमी.

आता ही ५८.४७४ मिमीची उंची आणायची कुठून? याचं उत्तर स्वीडनच्या एस्किल्स्टुना गावात मिळालं होतं. तिथल्या सरकारी बंदूक कारखान्यात काम करणाऱ्या कार्ल एडवर्ड योहान्सन याला १८९६ च्या सुमारास कल्पना सुचली, की प्रत्येक मापासाठी वेगळा गेज करण्याऐवजी थोडे ठोकळे असे निवडावेत की त्यांच्या जोडणीतून हवं ते माप तयार होईल. त्याच्या संचात १०२ ठोकळे होते आणि त्यांतून सुमारे २०,००० मापं जुळवता येत. १९०१ मध्ये त्याला पेटंट मिळालं. पुढे १९२३ मध्ये तो अमेरिकेत हेन्री फोर्डच्या कंपनीत दाखल झाला आणि मोटारींच्या घाऊक उत्पादनाला त्याच्या ठोकळ्यांचा आधार मिळाला. आपल्याकडच्या टूलरूममध्ये हेच ठोकळे ‘स्लिप गेज’ या नावाने ओळखले जातात.

५८.४७४ साठी सेटर संचातून चार तुकडे उचलतो: १.००४, १.४७, ६ आणि ५०. स्वच्छ पुसून, एकमेकांवर दाबून सरकवले की ते चिकटून एकसंध होतात. या थराच्या उंचीत एक मायक्रॉनची चूक राहिली तर १७ अंशांच्या कोनात जेमतेम एक सेकंदाचा फरक पडतो. आपली सूट साठ सेकंदांची आहे, त्यामुळे इथे भरपूर मोकळीक उरते.

ही मोकळीक सगळ्या कोनांना सारखी मिळत नाही. कोन वाढत जातो तशी तीच एक मायक्रॉनची चूक अधिक बोचू लागते. ६० अंशांवर ती दुप्पट होते आणि ७५ अंशांवर जवळजवळ चौपट. म्हणून साइन बार ४५ अंशांपुढे वापरायचा नाही, असं टूलरूममध्ये सांगितलं जातं. ७५ अंश हवे असतील तर जॉब अँगल प्लेटला लावून उभा करतात आणि बारवर उरलेले १५ अंश लावतात.

याच तत्त्वावर साइन व्हाइस आणि साइन टेबल बनतात. फाइव्ह ॲक्सिस मशीन घेणं परवडत नाही अशा शेकडो लहान शॉपमध्ये, भोसरीपासून कोल्हापूरच्या शिरोलीपर्यंत, साध्या व्हीएमसीच्या टेबलावर साइन व्हाइस बांधून कोनाची कामं निघतात. तिथे गणित सहसा चुकत नाही, चुकते ती स्वच्छता. १०० मिमी लांबीच्या जॉबच्या एका टोकाखाली ०.०२ मिमी जाडीची चिप राहिली, तर कोन ४१ सेकंदांनी बिघडतो. एका मिनिटाच्या सुटीतला दोन तृतीयांश हिस्सा त्या चिपने खाल्लेला असतो. बर घासून काढणं, पॅरलल पुसणं, व्हाइस आवळल्यावर जॉब उचलला गेला का हे डायल लावून पाहणं, ही कामं म्हणूनच सेटर हाताखालच्या पोरावर न सोडता स्वतः करतो.

दोन अक्ष एकाच वेळी

दुसरा मार्ग संगणकाने उघडला. जॉब सरळच ठेवायचा आणि कटर तिरक्या रेषेत चालवायचा.

या मार्गाची सुरुवात हेलिकॉप्टरच्या पात्यांपासून झाली. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ट्रॅव्हर्स सिटी इथे जॉन पार्सन्सचा कारखाना होता. पात्याच्या वक्राकार छेदाचे टेम्प्लेट त्याला अचूक हवे होते. त्याचा सहकारी फ्रँक स्ट्युलन याने आयबीएमच्या पंचकार्ड यंत्रांवर वक्राचे २०० बिंदू गणिताने काढले. यंत्राजवळ माणसं आकडे वाचत, कटर त्या त्या बिंदूवर नेत आणि भोक पाडत. दोन भोकांमध्ये उरलेले उंचवटे मग कानशीने घासून काढावे लागत. १९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाचं काम मिळाल्यावर पार्सन्सने एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेची मदत घेतली. तिथल्या अभियंत्यांनी मूळ कल्पनाच बदलली. बिंदू-बिंदूवर थांबण्याऐवजी कटर एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत अखंड कापत जाईल आणि त्यासाठी सगळे अक्ष एकाच वेळी, हिशेबशीर वेगाने हलतील, असं त्यांनी ठरवलं. १९५२ मध्ये सिनसिनाटी कंपनीच्या हायड्रोटेल मिलिंग मशीनवर, छिद्रं पाडलेल्या कागदी फितीच्या हुकमाने, हे प्रत्यक्षात करून दाखवण्यात आलं.

आजच्या कंट्रोलवर ‘जी झीरो वन’ हा हुकूम तेच करतो. एक्स १०० मिमी आणि झेड ३०.५७३ मिमी असं सांगितलं, की दोन्ही अक्ष एकदम निघतात आणि एकदम पोहोचतात. त्यांच्या वेगांचं गुणोत्तर १७ अंशांचा टँजंट असतं. मशीनला कोन माहीतच नसतो, दोन लांब्या तेवढ्या माहीत असतात. कंट्रोल आकडे हजारांश मिलिमीटरपर्यंत घेतो. त्या पूर्णांकनातून १०० मिमीवर होणारी चूक फार तर एका सेकंदाची, म्हणजे गणित इथेही निर्दोष.

खरी परीक्षा यांत्रिक भागांची असते. उतार अगदी बारीक असला की एक अक्ष जोरात धावतो आणि दुसरा रांगतो. रांगणारा अक्ष घर्षणामुळे अडतो, मग एकदम उडी घेतो, आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात. नव्या मशीनिंग सेंटरच्या चाचणीसाठी आयएसओ १०७९१-७ या मानकात जो नमुना कापायला सांगितला आहे, त्यात वर्तुळ आणि चौकोनासोबत सुमारे ३ अंशांनी तिरक्या बाजू मुद्दाम ठेवल्या आहेत. तिथे एक अक्ष १०० मिमी जातो तेव्हा दुसऱ्याला जेमतेम ५ मिमी जायचं असतं. रांगण्यातला दोष लपून राहत नाही.

पायऱ्या, बॉल आणि वेळ

कटर उताराच्या रेषेत चालला तरी एक अडचण उरते. कटरचा अक्ष उभाच आहे. सपाट तोंडाच्या एंड मिलने आडवे पास घेत उतार चढला तर पायऱ्या तयार होतात. झेडमध्ये ०.१ मिमीचे टप्पे घेतले तरी १७ अंशांच्या उतारावर सुमारे ९६ मायक्रॉनचे कोपरे उरतात. ०.०३ च्या पट्ट्यात ते मावणार नाहीत.

म्हणून गोल तोंडाचा बॉलनोज कटर घेतात. दोन पासमध्ये तो जो उंचवटा सोडतो त्याची उंची साधारणपणे पासमधल्या अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट एवढी असते. १० मिमीचा बॉल घेऊन पास १ मिमीवर टाकले तर उंचवटा २५ मायक्रॉनचा, ०.५ मिमीवर टाकले तर ६ मायक्रॉनचा आणि ०.२ मिमीवर टाकले तर एकाच मायक्रॉनचा. अंतर निम्मं केलं की उंचवटा चौथाईवर येतो, वेळ मात्र दुप्पट होतो. १०० मिमी रुंदीच्या आपल्या उतारावर ०.२ मिमीच्या हिशेबाने ५०० पास होतात. कटरला ५० मीटर चालावं लागतं आणि मिनिटाला १,००० मिमी फीड धरली तर पन्नास मिनिटं जातात.

बॉलची आणखी एक खोड आहे. त्याच्या टोकाला फिरण्याचा वेग शून्य असतो. १७ अंशांच्या उतारावर १० मिमीचा बॉल ज्या वर्तुळावर कापतो त्याचा व्यास जेमतेम २.९ मिमी असतो. ६,००० फेऱ्यांवर कागदोपत्री कटिंग स्पीड मिनिटाला १८८ मीटर दिसतो, प्रत्यक्षात ५५ मीटरच मिळतो. कार्बाइडच्या कटरला तो अपुरा पडला की धातू कापला जाण्याऐवजी रगडला जातो आणि फिनिश मळकट येतं.

आता कोनाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. कटरची लांबी मोजताना ०.०२ मिमीची चूक झाली, तर अख्खा उतार तेवढा वर किंवा खाली सरकतो, पण त्याचा कोन बदलत नाही. बॉलचा व्यास लहान-मोठा निघाला तरी तसंच. जॉब सगळीकडून सारखा तापला तरीही कोन बदलत नाही. मे महिन्यातल्या ३५ अंश सेल्सियसच्या शेडमध्ये १०० मिमी पोलाद, मापनाच्या प्रमाणित २० अंश तापमानाच्या तुलनेत, १७ मायक्रॉनने लांबतं. ते सर्व दिशांना सारखंच लांबतं, म्हणून १७ अंशांचे १७ अंशच राहतात.

कोन बिघडतो तो काम चालू असताना बदलणाऱ्या गोष्टींमुळे. पन्नास मिनिटांच्या त्या कामात कटर तळापासून माथ्याकडे पास घेत गेला आणि तेवढ्यात स्पिंडल तापून १५ मायक्रॉनने खाली वाढला, तर माथ्याकडचा भाग तेवढा जास्त कापला जातो. कोन अर्ध्या मिनिटाने कमी होतो. कटर झिजत गेला तर उलट होतं: माथ्याकडे कमी कापलं जातं आणि कोन वाढतो. पासची दिशा बदलून ते उताराच्या चढणीच्या रेषेत घेतले, तर हीच चूक १७ अंशांतून निघून रुंदीच्या बाजूला जाते. ती नाहीशी होत नाही, पण कुठली बाजू कमी महत्त्वाची हे ठाऊक असेल तर तिकडे ढकलता येते. फिनिशिंगसाठी नवा कटर लावणं आणि स्पिंडल आधी पंधरा-वीस मिनिटं फिरवून तापवून घेणं, या सवयींमागचं कारणही हेच आहे.

फिरणारे अक्ष

कोन लांबीतून उसना न घेता थेट फिरवून मिळवण्याची वाटही जुनी आहे. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या जोसेफ ब्राउन याने १८६१-६२ मध्ये युनिव्हर्सल मिलिंग मशीन बनवलं ते ट्विस्ट ड्रिलच्या पिळदार खाचा कापण्यासाठी. तोपर्यंत त्या हाताने, कानशीने घासल्या जात. अशा मशीनवर बसणाऱ्या डिव्हायडिंग हेडमध्ये हँडलच्या ४० फेऱ्यांना जॉबची एक फेरी होते, म्हणजे हँडलची एक फेरी ९ अंशांची. १७ अंशांसाठी एक पूर्ण फेरी आणि १८ भोकांच्या प्लेटवर आणखी १६ भोकं मोजायची. आयटीआयमध्ये हा हिशेब आजही शिकवला जातो.

फाइव्ह ॲक्सिस मशीन हे काम मोटर आणि एन्कोडरवर सोपवतं. टेबल कलतं, ब्रेक लागतो, आणि पुढचं काम जणू सपाट पृष्ठभागावर चालल्यासारखं होतं. फॅनुकच्या कंट्रोलवर जी ६८.२, सीमेन्सवर सायकल ८००, हायडेनहाइनवर प्लेन, असे हुकूम देऊन कललेल्या प्रतलाला नवा एक्स-वाय मानता येतो. बॉलचे ५०० पास जाऊन ५० मिमीच्या फेस कटरचे दोन-तीन पास पुरतात. पन्नास मिनिटांचं काम थोडक्यात आटोपतं आणि तापण्या-झिजण्याला वेळच मिळत नाही.

चांगल्या फिरत्या अक्षाची अचूकता काही सेकंदांच्या घरात असते, तेव्हा कोनाची चिंता मिटते. चिंता जागेची उरते. अक्षाचं फिरण्याचं केंद्र नेमकं कुठे आहे हे कंट्रोलला ०.०२ मिमीने चुकीचं सांगितलेलं असेल, तर जॉब १८० अंश फिरवल्यावर समोरचा फेस ०.०४ मिमी सरकलेला निघतो. दोन्ही फेसचे कोन अचूक असतात आणि त्यांच्यातलं अंतर चुकीचं. म्हणून टेबलावर कॅलिब्रेशनची गोळी लावून, टच प्रोबने तिला वेगवेगळ्या कोनांतून शिवून, ही केंद्रं ठरावीक काळाने पुन्हा शोधतात.

तपासणी

व्हर्निअर बिव्हल प्रोट्रॅक्टर ५ मिनिटांपर्यंत वाचतो. एका मिनिटाची सूट त्याने तपासता येत नाही. इथे पुन्हा साइन बार पुढे येतो. जॉब बारवर ठेवून १७ अंश असे लावायचे, की कापलेला उतार सरफेस प्लेटला समांतर व्हावा. मग त्यावरून लिव्हर डायल फिरवायचा. १०० मिमीत काटा ०.०१ मिमी हलला तर चूक २१ सेकंदांची. अशा रीतीने कोन पुन्हा लांबीतच वाचला जातो.

याला एक देखणा अपवाद आहे. ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या टॉमलिन्सन याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाचरीच्या आकाराचे अँगल गेज तयार केले. लांबीचे स्लिप गेज फक्त बेरीज करतात, पाचर मात्र उलटी लावली की वजाबाकी होते. म्हणून १, ३, ९, २७ आणि ४१ अंश, तशाच मिनिटांच्या चार आणि सेकंदांच्या चार, अशा अवघ्या १३ तुकड्यांतून ८१ अंशांपर्यंतचा कोन तीन-तीन सेकंदांच्या टप्प्यांनी जुळवता येतो. आपले १७ अंश हवे असतील तर २७ मधून ९ वजा करायचे आणि मग आणखी १ वजा करायचा.

यातला कुठला मार्ग घ्यायचा? वीस मिनिटांची सूट असेल आणि फिनिशचा आग्रह नसेल तर साधी व्हीएमसी आणि बॉलनोज पुरे. एक मिनिटाची अट आणि हातात दोन-चार नग असतील तर साइन व्हाइसला तोड नाही. एकाच जॉबवर पाच-सहा कललेले फेस असतील, आणि प्रत्येकासाठी जॉब नव्याने बांधताना चूक वाढत जाणार असेल, तर फाइव्ह ॲक्सिसचा खर्च वसूल होतो. ड्रॉइंग करणाऱ्यांनी मात्र या तिन्हींच्या आधी एक काम करावं: कोन कुठल्या फेसपासून मोजायचा तो डेटम लिहावा आणि सूट मिलिमीटरमध्ये द्यावी. शॉपमधले निम्मे वाद त्याने तिथल्या तिथे मिटतील.